डीओच्या अर्जासाठी डॉक्टरांचं शिफारसपत्र कुणाचं घ्यायचं? माझा अनुभव

अमेरिकेत एमडीच्या वाटेने गेलेली मुलं आपल्या ओळखीत भरपूर असतात. डीओच्या, म्हणजे 'डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन'च्या, वाटेने गेलेलं कुणी शोधायला निघालं की मात्र फारसं कुणी सापडत नाही. मला तर सुरुवातीला घरच्यांनाच समजवावं लागलं. मिरजेचा मामा ऑर्थोपेडिक सर्जन. त्याला 'डीओ' म्हटल्यावर डोळ्यांची पदविका आठवली, कारण आपल्याकडे त्या अक्षरांचा अर्थ तोच. बाबांना वाटलं, एमडी म्हणजे एमबीबीएसनंतरचं शिक्षण आणि डीओ त्याच्याहून काहीतरी खालचं. इथे तसं नाही. एमडी आणि डीओ या दोन्ही डॉक्टर होण्याच्या पहिल्याच पदव्या, दोन्ही चार वर्षांच्या, आणि परवाना मिळाल्यावर दोघांनाही औषधं लिहून देण्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत सगळं करता येतं. अँड्र्यू टेलर स्टिल या डॉक्टरांनी 1874 मध्ये ऑस्टिओपॅथीचा विचार मांडला, 1892 मध्ये मिझुरीतल्या कर्क्सव्हिल गावी पहिलं कॉलेज काढलं. आज अमेरिकेत डॉक्टरकीचं शिक्षण घेणाऱ्यांपैकी चौथ्या हिश्श्याहून जास्त मुलं डीओ कॉलेजांत आहेत, आणि 2020 पासून दोन्ही पदव्यांच्या रेसिडेन्सीला, म्हणजे पदवीनंतरच्या हॉस्पिटलमधल्या प्रशिक्षणाला, एकच मान्यता-व्यवस्था आहे. फरक आहे तो हातांनी तपासण्याच्या आणि उपचार करण्याच्या जादा प्रशिक्षणाचा.

हा फरक आहे म्हणूनच शिफारसपत्राचा प्रश्न येतो. तुम्हाला डीओच का व्हायचंय, हे कॉलेजांना नीट तपासून बघायचं असतं. म्हणून विज्ञानाच्या प्राध्यापकांच्या पत्रांबरोबर बरीच कॉलेजं एका डॉक्टरचं पत्र मागतात. कुणाला डीओचंच हवं असतं, कुणी एमडी किंवा डीओ कुणाचंही चालेल म्हणतं, कुणी 'असल्यास उत्तम' एवढंच लिहितं. मी ज्या ज्या कॉलेजांना अर्ज करणार होते, त्यांची पत्रांची अट एका वहीत उतरवून काढली आणि सगळ्यांत कडक अट धरून तयारी केली. डीओंचं पत्र हातात असलं की एकही दार बंद राहत नाही.

अर्ज जातो एएकोमास (AACOMAS) नावाच्या, डीओ कॉलेजांच्या केंद्रीय पोर्टलवरून. पत्रांसाठी तिथे जास्तीत जास्त सहा जागा. एमडीच्या पोर्टलवर दहा पत्रं ठेवता येतात आणि कुठलं पत्र कुठल्या कॉलेजला जाईल ते आपण ठरवतो. इथे ती मुभा नाही. आलेलं प्रत्येक पत्र तुमच्या यादीतल्या प्रत्येक कॉलेजला जातं. शिवाय एकदा पत्र चढलं की ते काढता येत नाही, बदलता येत नाही. म्हणजे एखादं मिळमिळीत पत्र आलं, तर ते सगळीकडे तुमच्याबरोबर फिरणार. हे कळल्यावर मी निवडीकडे फार गांभीर्याने पाहायला लागले. पत्रं आलेली नसली तरी अर्ज सादर करता येतो, त्यामुळे घाईघाईत कुणालाही विचारायची गरज नसते, हेही इथेच सांगून ठेवते.

घरातून दोन नावं पुढे आली. मामा म्हणाला, "मी देतो की लिहून. तुला पाळण्यात असल्यापासून ओळखतो." प्रेमाने म्हणाला, पण नातेवाइकांची पत्रं कॉलेजं धरत नाहीत, तेव्हा तो विषय तिथेच मिटला. दुसरं नाव जास्त अवघड होतं. महाराष्ट्र मंडळातले एक काका इथले नावाजलेले हृदयरोगतज्ज्ञ आहेत. गणपतीत दरवर्षी भेटतात, आई-बाबांचा त्यांच्यावर फार जीव. बाबा म्हणाले, "एवढा मोठा माणूस आपला आहे, त्याचं पत्र घेणार नाहीस तर कुणाचं घेणार?" काकांना फोन केला. ते म्हणाले, "अगं, त्यात काय विचारायचं? तूच लिहून आण, मी सही करतो."

मी फोन ठेवला आणि बराच वेळ विचार केला. काकांनी मला आरतीला उभं राहिलेलं पाहिलंय, नाटकात काम करताना पाहिलंय. रुग्णासमोर मी कशी वागते, हे त्यांनी कधीच पाहिलेलं नाही. त्यांच्या नावाने मी स्वतःबद्दल काय लिहिणार होते? आणि समजा लिहिलं असतं, तरी ते खोटंच ठरलं असतं. दोन दिवसांनी त्यांच्या घरी गेले आणि सरळ सांगितलं, "काका, ज्यांनी मला काम करताना पाहिलंय त्यांच्याकडूनच पत्र घ्यायचं ठरवलंय. तुमच्याकडे मुलाखतीच्या सरावाला आले तर चालेल का?" ते मनापासून हसले आणि म्हणाले, "त्याला माझा जास्त उपयोग होईल." पुढे खरोखर झालाही. आपल्या समाजात मोठ्या माणसाची मदत नाकारणं म्हणजे त्याचा अपमान, अशी भीती मुलांना वाटते. नीट समोर बसून बोललं तर तसं होत नाही.

आता हवे होते डीओ. त्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या संकेतस्थळावर गावाप्रमाणे डॉक्टर शोधता येतात, तिथून न्यू जर्सीतल्या आमच्या आसपासच्या दवाखान्यांची यादी काढली आणि एकेकाला फोन लावत गेले. मोठ्या हॉस्पिटल-समूहांच्या दवाखान्यांत रिसेप्शनवरूनच नकार येतो; बाहेरच्या विद्यार्थ्यांना रुग्णांजवळ बसू द्यायचं नाही असं त्यांचं धोरण असतं. एका ठिकाणी शॅडोइंगचे, म्हणजे डॉक्टरांच्या मागे राहून त्यांचं काम बघण्याचे, पैसे मागितले, तिथे मी गेलेच नाही. होकार बहुधा मिळतो तो स्वतःचा छोटा दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांकडून. मलाही तसाच मिळाला. लसीकरणाचे कागद, टीबीच्या तपासणीचा अहवाल आणि रुग्णांच्या गोपनीयतेच्या फॉर्मवर सही, एवढं दिलं आणि एका फॅमिली डॉक्टर बाईंच्या मागे उभी राहायला लागले.

डीओ म्हणजे काय, हे मला तिथे समजलं. गोदामात खोकी उचलणारा एक माणूस कंबरदुखीने आला होता. डॉक्टरांनी त्याला स्टुलावर बसवलं, मागे बसून दोन्ही अंगठे त्याच्या कमरेखालच्या हाडांच्या उंचवट्यांवर टेकवले आणि हळूहळू पुढे वाकायला सांगितलं. "बघ, उजवा अंगठा जास्त वर जातोय," त्या मला म्हणाल्या. मग त्याला टेबलावर झोपवून, त्याचा पाय एका कोनात धरून, "आता माझ्या हातावर जोर लाव" म्हणाल्या. चार-पाच सेकंद जोर, मग सैल, मग पाय आणखी थोडा पुढे. असं काही वेळा केलं. त्याच भेटीत त्यांनी त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या बदलल्या, कामावर वजन उचलायची मर्यादा घालणारं पत्र लिहून दिलं आणि झोप कशी लागते तेही विचारलं. वेगळं 'ऑस्टिओपॅथीचं खातं' असं काही नव्हतंच. एकाच माणसाची एकाच डॉक्टरने केलेली तपासणी होती ती.

रोज दवाखाना बंद करताना त्या मला विचारायच्या, "आज काय दिसलं?" नुसतं "छान होतं" म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. या रुग्णाने कुठला प्रश्न टाळला, त्या रुग्णाला आपण काय समजावलं आणि त्याला काय समजलं, असं सगळं बोलणं व्हायचं. उन्हाळा आणि पुढचं सेमिस्टर मी जात राहिले. माझ्या मते पत्रासाठी हेच सगळ्यांत महत्त्वाचं आहे. एक-दोन दुपारी जाऊन कोपऱ्यात उभं राहिलं तर डॉक्टर लिहून लिहून काय लिहिणार? वेळेवर आली, नम्र होती. असं पत्र कुणाच्याही नावाला चिकटवता येतं.

एक प्रसंग सांगते, ओळख पटणार नाही इतपतच. एक मराठी आजी मुलाबरोबर आल्या होत्या, सहा महिन्यांसाठी इथे राहायला आलेल्या. रक्तदाब वाढलेला. मुलगाच सगळी उत्तरं देत होता, गोळ्या नियमित चालू आहेत म्हणाला. डॉक्टर काही आणायला बाहेर गेल्या आणि मुलगा फोन घ्यायला वळला, तेव्हा आजी मला हळूच म्हणाल्या, "दिवसाआड घेते गं. आणलेल्या पुरायला नकोत का? इथलं महाग, त्याला कुठं खर्चात पाडू?" मी म्हटलं, "आजी, हे डॉक्टरांना सांगायला हवं. तुम्हीच सांगाल का? तुमच्याशी मराठीत बोलणारं माणूस फोनवर मिळतं." त्यांनी मान डोलावली. दारातच मी डॉक्टरांना म्हटलं की आजींना स्वतः काही सांगायचंय, फोनवर मराठी दुभाषी घेता येईल का? मी स्वतः भाषांतर करायला बसले नाही, कारण रुग्णाचं वैद्यकीय बोलणं प्रशिक्षित दुभाष्यामार्फत व्हावं हे मला शिकवलेलं होतं. शिवाय ते सांगायचं की नाही, किती सांगायचं, हे आजींनी ठरवायचं होतं. दुभाषी आला, आजी बोलल्या, आणि डॉक्टरांनी इथे स्वस्तात मिळणारी त्याच प्रकारची गोळी शोधून लिहून दिली. मुलालाही वाईट वाटलं नाही, उलट त्याचा जीव भांड्यात पडला.

दुसरं डॉक्टरी पत्र घेतलं ते इमर्जन्सी विभागातल्या एका एमडींकडून. पदवीनंतरच्या वर्षात मी त्यांची स्क्राइब होते. ते रुग्ण तपासत जायचे आणि मी बाजूला कॉम्प्युटरवर नोंदी करत जायची. रात्रपाळीला पहाटे चार वाजता माणूस कसा वागतो, हे त्यांना माझ्याबद्दल ठाऊक होतं. काही जण म्हणाले, डीओच्या अर्जात एमडींचं पत्र कशाला? पण दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी पाहिल्या होत्या. एकांनी माझं रुग्णांशी वागणं, दुसऱ्यांनी माझं काम. दोन प्राध्यापक, ज्या वृद्धाश्रमात सेवा करायचे तिथल्या प्रमुख आणि हे दोन डॉक्टर, अशी पत्रं झाली. सहावी जागा मी रिकामीच ठेवली. जागा आहे म्हणून भरायची, हे मला पटत नाही.

विचारण्याचीही एक रीत आहे. मी फेब्रुवारीत विचारलं, कारण अर्ज मेच्या सुरुवातीला उघडतो आणि बहुतेक डीओ कॉलेजं आलेल्या अर्जांतून क्रमाक्रमाने प्रवेश देत जातात. शब्द असे वापरले, "माझ्याबद्दल खात्रीने चांगलं लिहिता येईल, असं तुम्हाला वाटतं का? नसेल तर मोकळेपणाने सांगा." समोरच्याला नाही म्हणायची वाट ठेवावी, ती ठेवली तरच होकाराला अर्थ असतो. डॉक्टर बाई म्हणाल्या, "तुला डीओच का व्हायचंय ते एका पानावर लिहून दे. मी ते उतरवणार नाही, पण मला समजून घ्यायचंय." ते पान, माझा बायोडाटा आणि दवाखान्यातल्या माझ्या टिपणांपैकी काही, रुग्णांची नावं नसलेली, असं त्यांना दिलं. पत्र वाचण्याचा आपला हक्क सोडायचा की ठेवायचा, असंही पोर्टलवर विचारतात. मी सोडला. तो ठेवला तर कॉलेजांना पत्र मोकळेपणाने लिहिलेलं वाटत नाही.

एक व्यावहारिक गोष्ट. पत्र लिहिणाऱ्याला पोर्टलकडून आपोआप ईमेल जातो आणि डॉक्टरांच्या दवाखान्यात तो हमखास जंकमध्ये पडतो. तिथल्या मॅनेजर बाईंना मी आधीच सांगून ठेवलं होतं की ईमेल कुठल्या नावाने येईल. पत्र दवाखान्याच्या लेटरहेडवर हवं, तारीख आणि सही हवी, आणि सहीखाली नावापुढे 'डीओ' हवं. आठवण करून द्यायला मी डॉक्टरांना सारखी फोन करत बसले नाही. मॅनेजर बाईंनी एका शुक्रवारी दुपारी त्यांना बसवून पत्र अपलोड करून घेतलं. डॉक्टरांइतकेच माझे आभार त्यांनाही आहेत.

पत्रात काय लिहिलं होतं, ते मी आजवर वाचलेलं नाही. पण पहिल्याच मुलाखतीत समोरच्या प्राध्यापकांनी कागदावरून नजर वर केली आणि विचारलं, "भाषा येत असूनही तू दुभाषी मागवलास. का?" पुढचा सगळा वेळ आम्ही त्यावरच बोललो. आजींवर, घरच्यांनी रुग्णाच्या वतीने बोलण्यावर, भारतातून औषधं पुरवून पुरवून घेणाऱ्या पाहुण्या आई-वडिलांवर. त्या कॉलेजात मला प्रवेश मिळाला.

पुढच्या मे महिन्यात अर्ज करणार असाल, तर डीओ शोधायला आत्ताच लागा, दिवाळीच्या सुट्टीची वाट पाहू नका. दवाखान्यांना फोन सकाळी करू नका, तेव्हा रिसेप्शनवर झुंबड असते. दुपारी जेवणानंतर करा आणि शक्य तिथे स्वतः जाऊन भेटा.