तुम्ही विचारलंत म्हणून: कुठल्या वडगावचे?

लग्नात पंगतीला शेजारी बसलेला माणूस आडनाव विचारतो. मी "वडगावकर" म्हणालो की पुढचा प्रश्न ठरलेला: "कुठल्या वडगावचे?" हल्ली त्याला आणखी एक प्रश्न जोडून येतो, कारण मी कागदपत्रं धुंडाळली हे आता नातेवाइकांत पसरलंय. "आमच्या आडनावाचं मूळ कसं शोधायचं हो?" दोन्हींचं उत्तर एकच आहे आणि ते पंगतीत बसून सांगण्याइतकं लहान नाही. म्हणून इथे सांगतो.

आधी वडगावांचं बघा. वडाचं झाड दिसलं की गावाला वडगाव म्हणायचं, एवढ्याच विचाराने आपल्या पूर्वजांनी नावं ठेवलेली दिसतात. एकट्या पुणे जिल्ह्यातच वडगाव मावळ, वडगाव निंबाळकर, वडगाव रासाई, वडगाव काशिंबेग, वडगाव आनंद, वडगाव कांदळी आहेत, शिवाय शहराने गिळलेली वडगाव शेरी आणि वडगाव बुद्रुक वेगळी. पलीकडे कोल्हापुरात पेठ वडगाव. सुरुवातीला मी यांची यादी केली आणि प्रत्येक ठिकाणी जुने वडगावकर आहेत का, याची चौकशी सुरू केली. माझं एक वर्ष यात गेलं. कुठेच कुणी सापडलं नाही. सापडणार कसं? वडगावात सगळेच वडगावचे, तिथे कोण कुणाला वडगावकर म्हणणार? "कर" लागतो तो गाव सोडल्यावर, आणि तो बहुतेक वेळा दुसरेच लावतात. ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरायला एक वर्ष लागलं, म्हणून तुम्हाला आधीच सांगून टाकतो: "कर" आडनाव असेल तर त्या गावात ते आडनाव शोधू नका. तिथे आपलं नाव दुसरंच काहीतरी असणार.

आमची गाठ सुटली ती नाशिकला. आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत तिथल्या तीर्थोपाध्यायांचं, म्हणजे यात्रेकरूंच्या पिढ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या गुरुजींचं, एक पिवळं पडलेलं पोस्टकार्ड निघालं. पत्ता अर्धा पुसलेला, पण रामकुंडावर दोघाचौघांना विचारलं आणि घर सापडलं. उपाध्यायांची चौथी पिढी आता ते काम बघते. गुरुजींनी आडनाव ऐकलं, एक सूचीची वही उघडली आणि मान न वर करताच म्हणाले, "वडगावकर म्हणजे आमच्याकडे काळे."

काळे! वर्षभर कुणीतरी भारदस्त घराणं निघेल म्हणून वाट बघत होतो. निघाले काळे. महाराष्ट्रात दगड मारला तर ज्याला लागेल ते आडनाव.

मग त्यांनी लाल कापडात गुंडाळलेला लांबडा चोपडा काढला. या चोपड्यांत माणसं आडनावाआधी गावाच्या नावाखाली सापडतात, ते बरंच आहे. आमच्या वडगावच्या पानावर खाली आजोबांची सही होती, १९४३ची, त्यांच्या वडिलांच्या अस्थी घेऊन आले तेव्हाची. स्वच्छ बाळबोध अक्षर, "वडगावकर" मधला "र" शेपूट लांबवलेला, जसा ते रेशनकार्डावरही काढायचे. त्याच पानावर वर मोडीतली एक नोंद, शके १८२७, विश्वावसु संवत्सर. म्हणजे १९०५. संवत्सरांचं साठ वर्षांचं चक्र दोनदा फिरून विश्वावसु पुन्हा आला तो २०२५ मध्ये. नोंद माझ्या पणजोबांची: महादू रावजी काळे, मौजे वडगाव, हल्ली वस्ती मुंबई, परळ. सहीच्या जागी शाईचा अंगठा. मी त्या अंगठ्यावर माझा अंगठा ठेवून बघितला. गुरुजी म्हणाले, "सगळेच ठेवतात."

म्हणजे १९०५ला काळे आणि १९४३ला वडगावकर. मधे काय झालं, ते आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरच्या उताऱ्यात दिसलं. आजोबांचा जन्म १९११चा. सहाव्या-सातव्या वर्षी नाव घातलं तेव्हा पालकाच्या रकान्यात "महादू वडगावकर", धंदा गिरणीकाम. पणजोबांची पाळी असणार, म्हणून चाळीतलाच कुणीतरी पोराला शाळेत घेऊन गेला असेल, आणि मास्तरांनी आडनाव विचारल्यावर खोलीत ज्या नावाने हाक मारायचे तेच सांगितलं असेल. हा माझा अंदाज. पण खोलीत गाववाले पंधरा-वीस, त्यात महादू दोन-तीन, तर वडगावचा महादू तो महादू वडगावकर, हे मला पटतं. शाळेच्या दाखल्यावर एकदा आलं की मग ते नाव सुटत नाही.

पुढचं काम तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षातलं. तिथे माणसं इतिहासासाठी येत नाहीत हे लक्षात ठेवा. जातीच्या दाखल्यासाठी येतात. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमल्यापासून तर मोडी वाचणाऱ्याला सोन्याचा भाव आलाय. मला जुने फेरफार, म्हणजे जमीन कुणाच्या नावावरून कुणाच्या नावावर गेली त्याच्या नोंदी, हवेत असं सांगितलं तर बाकावरच्या माणसाने विचारलं, "दाखला कुणासाठी, मुलीसाठी?" मी म्हटलं, "नाही, असंच." त्याने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं.

मागायचं काय, तर तीन गोष्टी. जन्ममृत्यूसाठी गाव नमुना १४, त्यालाच काही ठिकाणी कोतवाल बुक म्हणतात. जमिनीसाठी जुने सातबारे आणि त्यामागचे फेरफार. आपल्या मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३चा, म्हणून फेरफाराची साखळी साधारण त्यापुढेच मिळते. काही जिल्ह्यांचे हे कागद आता "आपले अभिलेख" या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन केलेले सापडतात, घरबसल्या. पेशवे दफ्तराचं सगळे विचारतात. पुण्याच्या पुरालेखागारात हजारो रुमाल आहेत, रुमाल म्हणजे कापडात बांधलेली कागदांची गासडी, पण वतन, इनाम किंवा एखादा जुना तंटा असल्याशिवाय साध्या कुळाचं नाव तिथे लागणं कठीण. आम्हाला इनाम नव्हतं. तंटा बहुधा होता, पण दफ्तरात जाण्याइतका मोठा नसावा.

मोडी मी शिकलो, तीन महिन्यांच्या वर्गात. अक्षरं येतात हो, अडतं दुसरीकडे. आधी आडवी रेघ ओढायची आणि तिला लटकवत बोरू न उचलता लिहीत सुटायचं, त्यामुळे दोन शब्दांत जागा नाही. ऱ्हस्वदीर्घ नाही. एका जुन्या सारापावतीच्या नकलेत मी "रावजीबी नयेसू" असं वाचलं आणि दोन आठवडे नयेसू हे आमचं मूळ आडनाव समजून त्याची व्युत्पत्ती शोधत होतो. एक मित्र तर ते पोर्तुगीज असेल म्हणाला. शेवटी वर्गातल्या बाईंना दाखवलं. त्या हसून म्हणाल्या, "अहो, रावजी बिन येसू." बिन म्हणजे अमक्याचा मुलगा. बाईमाणसाच्या नावापुढे नवऱ्याचं नाव यायचं तेव्हा "कोम" किंवा "भ्रतार" लिहीत. आणि आडनाव? त्या पावतीवर नव्हतंच. येसूच्या काळापर्यंत मागे गेलो तर काळेसुद्धा विरघळून गेले. कारकुनाला सारा कुणाकडून घ्यायचा एवढंच हवं होतं, त्याला बापाचं नाव पुरत होतं.

त्या कागदांतली एक ओळ मात्र मी वहीत उतरवून ठेवलीय. रावजी वारल्यानंतरचा फेरफार: "सखाराम बिन रावजी काळे, अज्ञान, पालन करणार आई भागीरथी कोम रावजी. थोरला मुलगा महादू मुंबईस आहे." आमच्या घरच्या वंशावळीत खापरपणजीचं नाव कुणालाच माहीत नव्हतं, झाड सगळं पुरुषांचंच. सखाराम सज्ञान असता, तर इथेही ती आली नसती.

मग गावाला गेलो. कुठलं वडगाव, ते मी छापत नाही. चुलतभावांना तसा शब्द दिलाय, आणि त्याचं कारणही ऐका. शंभर वर्षांनी शहरातला माणूस जुने फेरफार हातात घेऊन दारात उभा राहिला की गावात एकच अर्थ निघतो. चहा आला, पण कपबशी ठेवता ठेवताच थोरल्यांनी विचारलं, "हिश्श्याचं काही आहे का?" मी नाही म्हटलं. पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हटलं, आणि कागद त्यांच्याच हातात दिले. तेव्हा कुठे आतून बायामाणसं बाहेर आली आणि पोहे आले. तुम्ही जाल तेव्हा कागद पहिल्याच भेटीत काढू नका. ही चूक मी केलीय.

संध्याकाळी सखारामाचा नातू, वय ऐंशीच्या पुढे, मला शेत दाखवायला घेऊन गेला. विहिरीच्या पलीकडे बांधाला लागून एक चिंचोळा तुकडा, त्यात त्या वर्षी कांदा होता. वाटेत एका बाईने विचारलं, "पाव्हणं कोण म्हणायचं, नाना?"

"आपलेच हायेत," नाना म्हणाले. मग काठीने त्या कांद्याच्या तुकड्याकडे बोट करून, "ह्यो मुंबईकराचा तुकडा न्हाई का, त्या मुंबईकराचं."