२१ ऑक्टोबर : तिच्यासाठी शब्द

पहाटे पाचला पुतणीसोबत डांबरी रस्त्यावर गेले. पोलीस भरतीसाठी ती आठशे मीटर धावते आणि मी मोबाइलवर वेळ धरते. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी, बोंडं फुटायला लागलेली, दवानं ओली. आज तिची वेळ सुधारली. श्वास लागेपर्यंत हसत होती पोरगी.

घरी आलो तर जाऊबाई दारातच. "भरतीत लागली अन् गडचिरोलीले पाठोलं तं? काही झालं तं?"

आज पोलीस स्मृतिदिन. १९५९ साली याच तारखेला लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जजवळ चिनी गोळीबारात राखीव पोलीस दलाचे दहा जवान गेले, म्हणून हा दिवस. अशा दिवशी तिच्याशी खोटं बोलवलं नाही. सांगितलं तिला हत्तीगोट्याचं. २१ मे २००९, आपल्याच गडचिरोलीच्या जंगलात नक्षलवाद्यांचा हल्ला, सोळा पोलीस गेले. त्यात पाच बाया. त्याही कधीतरी अशाच पहाटे उठून धावल्या असतील.

दिवसभर हातात विळा होता, डोक्यात मात्र हेच. पंधरा ऑगस्टला वीरमाता, वीरपत्नी म्हणून शाल-श्रीफळ देतात, आणि द्यायलाच हवं. पण हे दोन्ही शब्द मागे राहिलेल्या बाईचे. जी स्वतः गेली, तिच्यासाठी वेगळा शब्द ओठावर येतच नाही. 'शहीद जवान' म्हटलं की डोळ्यांपुढे मिशीवाला चेहरा येतो. माझ्याही. याचं मला फार वाईट वाटतं.

लेफ्टनंट किरण शेखावत. वडील नौदलात, नवरा नौदलात, आणि ती स्वतः टेहळणी विमानावर निरीक्षक. २०१५ च्या २६ जानेवारीला दिल्लीच्या राजपथावर नौदलाच्या महिला तुकडीत चालली. दोन महिने नाही होत तर २४ मार्चच्या रात्री गोव्याजवळ तिचं डॉर्नियर समुद्रात कोसळलं. २६ वर्षांची होती. कर्तव्यावर असताना गेलेली नौदलाची पहिली महिला अधिकारी. तिच्या नवऱ्याला काय म्हणायचं, वीरपती? कोणाच्या तोंडी बसलेला शब्द नाही तो.

आणि कमलेश कुमारी. लष्करातली नव्हे, केंद्रीय राखीव पोलीस दलाची शिपाई. १३ डिसेंबर २००१, संसदेच्या दारावर ड्यूटी. हातात बंदूक नव्हती, वॉकीटॉकी होता. गाडीतून उतरलेली माणसं तिला संशयास्पद वाटली, तिनं ओरडून सोबत्यांना सावध केलं आणि गोळ्या अंगावर घेतल्या. मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. घरी दोन लेकी होत्या.

संध्याकाळी चुलीपाशी जाऊबाईला हेही सांगितलं. मला वाटलं, आता पोरीचं धावणं बंद करते. भाकर तव्यावरून आरावर टाकली, उलटली, बराच वेळ काही बोलली नाही.

मग म्हणाली, "नुसती चिल्लावली तिनं? हाती काही नसतानी?"

"हो."

"अन् पोरी केवढ्या होत्या?"

"लहान होत्या."

पुन्हा गप्प. जेवणं झाल्यावर स्वतःचा मोबाइल माझ्यापुढं धरला.

"साडेचारचा गजर लावून दे. उद्या मी येतो तिच्यासंग."