उलटा पावसाळा

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या ठेकेदारीच्या ऑफिसात टेंडर भरायचं की सोडायचं हे साधारण एक चहा संपेपर्यंत ठरतं. साईट कुठं, खडीची लीड किती (म्हणजे ती किती लांबून आणायची), आणखी कोण भरतंय, खात्याकडं निधी आहे का, एवढं विचारून दादा (आमचे मालक) 'भर' नाहीतर 'सोड' म्हणतात. 2024 च्या सुरुवातीला मी आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या एका पाणीयोजनेची फाईल त्यांच्यापुढं ठेवली, त्या दिवशी चहा तीनदा आला.

जागतिक बँकेच्या पैशाचं काम. डीआय (डक्टाईल आयर्न, म्हणजे लोखंडी) पाईपलाईन, दोन टाक्या, पंपघर. आमच्या हिशेबानं 60 कोटी. असली कामं आम्ही हयातभर केलेली. तीन आठवडे जागून मी रेट काढले होते आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात विमानातही बसलो होतो.

दादांनी रेट बघितलेच नाहीत. "बँक गॅरंटी किती अडकणार?"

कामगिरीची 10 टक्के, ॲडव्हान्सपोटी 20 टक्के, म्हणजे 18 कोटी. आमच्या बँकेनं दिलेलं गॅरंटीचं लिमिट 22 कोटींचं, त्यातले 9 चालू कामांत गुंतलेले. "तेरात अठरा बसव बघू," दादा म्हणाले. मी जॉइंट व्हेंचर सुचवलं. त्यात भागीदारानं हात वर केले, तर त्याच्या वाट्याचं कामही आपल्याच गळ्यात, हे त्यांनी मला ऐकवलं. त्यात मूल्यमापनात स्थानिक ठेकेदारांना 7.5 टक्क्यांचं झुकतं माप होतंच.

मग चलन. नोव्हेंबर 2023 मध्ये तिथल्या रिझर्व्ह बँकेनं एका दिवसात डॉलर सुमारे 1,180 क्वाचांवरून 1,700 वर नेला होता. टेंडरात आपली किंमत किती टक्के डॉलरमध्ये आणि किती क्वाचात हवी, ते आपणच लिहायचं असतं. मी 40 टक्के क्वाचा धरला होता. वाळू, मजुरी, डिझेल तिथंच घ्यायचं म्हणून.

"डिझेल तिथं पिकतं काय रे?"

पिकत नाही. मलावीला समुद्रसुद्धा नाही. आमचे पाईप काय नि डिझेल काय, मोझांबिकच्या बैरा, नकाला बंदरांतून नाहीतर दार-ए-सलामहून यायचं. म्हणजे पैसे क्वाचात मिळायचे, भाव मात्र डॉलरमागं पळणार. भाववाढीचं कलम होतं, पण निर्देशांक हलून बिलात पैसे दिसेपर्यंत चटका आपल्यालाच.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो फिडिकच्या (म्हणजे बांधकामाच्या आंतरराष्ट्रीय ठरीव कराराच्या) 28 दिवसांवर. दादांनी 2019 चा महापूर काढला. शिरोलीजवळ हायवे बंद, आमची साईट पाण्यात. "तेव्हा खात्याला पत्र दिलंतंस?" नव्हतं दिलं. साहेब तोंडीच 'बघू' म्हणाले आणि मुदतवाढ मिळाली. फिडिकमध्ये अडचण कळल्यापासून 28 दिवसांत लेखी नोटीस गेली नाही, तर मुदतही गेली आणि पैसेही. "पत्रं कोण लिहिणार? तूच. मग साईट कोण बघणार? मी?"

तरी मी हटलो नव्हतो. पत्रं लिहायला एक माणूस ठेवता येतो, असं अजूनही वाटतं.

तेवढ्यात आमचे मुकादम पगाराच्या यादीवर सही घ्यायला आत आले. दहा मिनिटं दाराशी उभं राहून ऐकत होते म्हणे. "साहेब, पाऊस कवा असतो तिथं?"

"नोव्हेंबर ते एप्रिल," मी म्हटलं, आणि माझी नजर स्क्रीनवरच्या बारचार्टवर गेली. जून ते सप्टेंबर कोरे. प्रत्येक टेंडरला वापरतो तोच, इथल्या पावसावर बेतलेला जुना नमुना मी उचलला होता. तिथले कोरडे महिने मी सुट्टीत घातले होते आणि डिसेंबर, जानेवारीच्या भर पावसात चर खोदायला काढले होते.

मुकादमांचं चार्टकडं लक्षही नव्हतं. "म्हंजे जूनमदी कामाची घाई? रोपलावण टाकून कोण येणार ओ?" नेण्यासारखे आमचे पंचवीस पाईप जोडणारे भुदरगड-राधानगरीकडचे, प्रत्येकाची भातशेती.

दादा हसले नाहीत. यादीवर सही केली, ती परत दिली आणि मला म्हणाले, "सोड."

नंतर त्यांनी मला मुंबईच्या एका मोठ्या कंपनीला फोन लावायला लावला. तुम्ही भरणार असाल तर पाईप टाकायचं काम आम्हाला पोटठेक्यानं द्याल का, पण रुपयांत? काम मिळाल्यावर बघू, असं उत्तर आलं.

त्या रात्री मी बारचार्ट सुलटा करून पाहिला. 24 महिन्यांचं काम 29 वर गेलं.