वांग्याचा वनवास

भाज्यांमध्ये सगळ्यात जास्त अन्याय कुणावर झाला असेल तर तो वांग्यावर, असं माझं ठाम मत आहे. कारल्याला निदान मधुमेहवाल्यांनी मान दिला, दुधीला पथ्यवाल्यांनी. वांग्याला मात्र जो तो ऐकवतो. कुणी म्हणतं वातूळ, कुणी म्हणतं अंगाला खाज सुटते. आमच्या इंदूरात तर वर आणखी 'थाली का बैंगन' हा टोमणा, म्हणजे दिसेल त्या बाजूला घरंगळणारा माणूस. घरंगळतो टोमॅटोसुद्धा, पण त्याला कुणी काही म्हणत नाही.

बरं, कूळ बघावं तर भावकी भलीमोठी. बटाटा, मिरची, टोमॅटो हे सगळे याचे सख्खे-चुलत. शंका असेल तर फुलं बघावीत. वांग्याचं फूल म्हणजे पाच टोकांची जांभळी चांदणी आणि मधोमध पिवळ्या परागकोशांचा झुबका. हिवाळ्यात महूच्या रस्त्याला बटाट्याची शेतं फुलतात तेव्हा बांधावर उतरून पाहा, तोच तोंडवळा, रंग तेवढा फिका. याच कुळात तंबाखू आहे आणि धोत्राही. म्हणजे एकाच घरातला धोत्रा महादेवाच्या पिंडीवर, बटाटा उपासाच्या ताटात, तंबाखू काकांच्या चंचीत आणि वांगं घराबाहेर.

फुलाचंच निघालं म्हणून सांगते. माझ्या गच्चीवर कुंडीत वांग्याचं एक झाड आहे. त्याच्या फुलावर मधमाशी आली तरी तिच्या हाती फारसं काही लागत नाही, कारण परागकोश इतर फुलांसारखा उभा उकलत नाही. त्याच्या टोकाला नुसतं बारीक भोक असतं, मिठाच्या डबीला असतं तसं, आणि हलवल्याशिवाय आतलं बाहेर पडत नाही. हे हलवण्याचं काम भुंगा करतो. तो फुलाला लटकतो, पायांनी घट्ट धरतो आणि पंख मिटलेले ठेवून अंगाचे स्नायू असे काही थरथरवतो की 'घूं' असा आवाज येतो आणि पिवळी भुकटी त्याच्या पोटावर सांडते. उडतानाचा आवाज वेगळा, हा वेगळा. कान देऊन ऐकलं की फरक कळतो. भुंगा नाही आला तरी झाडाचं अडत नाही, वाऱ्याने फूल हललं तरी फळ धरतं. पण भुंगा येऊन गेला की काम चोख होतं.

आणि हे वांगं इथलंच. अगदी मातीतलं. हरियाणात फरमाणा नावाची हडप्पाकालीन वस्ती उकरली, तिथल्या भांड्यात वांगं, आलं आणि हळद यांचे अंश सापडले. चार हजारांहून जास्त वर्षं झाली त्याला. आलं, हळद घालून वांग्याची भाजी! यात फक्त मिरची नाही, कारण मिरची तेव्हा समुद्रापलीकडे होती.

अशा या मूळ रहिवाशाला आमच्याकडे आषाढात हद्दपारीची नोटीस मिळते. रामबागेत माझी आत्या राहते, ती चातुर्मास कडक पाळते. कांदेनवमीला तिच्याकडे कांद्याची भजी, भरली वांगी, वांगीभात असा सगळा निरोपसमारंभ होतो आणि एकादशीपासून दोघांना दार बंद. कांदा कार्तिकात परत येतो. वांग्याला मात्र आमच्या घरात चंपाषष्ठीपर्यंत थांबावं लागतं, म्हणजे शिक्षा आणखी थोडी वाढीव.

यात आत्याच्या बाजूनेही बोललं पाहिजे, नाहीतर ती माझ्याशी बोलणार नाही. पावसाळ्यातलं वांगं चिरून पाहिलंय? बाहेरून तुकतुकीत, देठ हिरवागार, नाव ठेवायला जागा नाही. विळीवर दोन फाका केल्या की आत तपकिरी बोगदा आणि त्याच्या टोकाला गुलाबीसर अळी, जणू तिचंच घर आहे. ही शेंडा आणि फळ पोखरणारी अळी. तिची आई म्हणजे पांढुरका पतंग, तो पानांवर, कळ्यांवर अंडी घालतो. अळी बाहेर पडली की काही तासांतच कोवळ्या शेंड्यात नाहीतर फळात शिरते आणि आत शिरल्यावर भोक आपल्याच विष्ठेने बुजवून टाकते. मग वरून फवारा मारून उपयोग काय? दमट, उबदार हवेत तर तिचं फारच फावतं. शाकाहारी घरात चार महिने हा धोका नको, असं कुणा शहाण्या बाईने ठरवलं असेल आणि पुढे त्याला धर्माचा शिक्का मिळाला असेल, तर मला नवल वाटणार नाही. याच अळीपायी बीटी वांग्याचा, म्हणजे अळीला दाद देऊ नये म्हणून जनुकांत बदल केलेल्या वांग्याचा, घाट घातला गेला. सात शहरांत जनसुनावण्या झाल्या, भांडणं झाली आणि फेब्रुवारी २०१०मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्याला स्थगिती दिली. शेजारच्या बांगलादेशाने मात्र २०१३मध्ये ते लावायला परवानगी दिली. जिच्यावरून इतका खल झाला अशी दुसरी भाजी मला आठवत नाही.

माझं भांडण वेगळंच आहे. वांगं बाहेर गेल्यावर आत कोण येतं, ते बघा. एकादशीचं ताट वाढून समोर घ्या. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा दक्षिण अमेरिकेचा. त्रावणकोरच्या विशाखम तिरुनाळ महाराजांनी एकोणिसाव्या शतकात लोकांच्या पोटाला आधार म्हणून त्याची लागवड वाढवली. पुढे दुसऱ्या महायुद्धात पूर्वेकडून येणारा साबुदाणा बंद पडला, तेव्हा तमिळनाडूत सेलमकडे त्याचे कारखाने निघाले. बटाटा पेरू-बोलिव्हियाच्या डोंगरातला. शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेचा, आणि तऱ्हा अशी की फूल जमिनीच्या वर येतं, मग त्याची आरी खाली वाकून मातीत घुसते आणि शेंग अंधारात पोसते. रताळं तिकडलंच. राजगिरा मेक्सिकोकडचा. हिरवी मिरचीही त्याच बाजूची. कोलंबस १४९२मध्ये तिकडे धडकला नसता तर एकादशीला आपण वरीचे तांदूळ, शिंगाडा आणि काकडी खाऊन मुकाट बसलो असतो.

आता इंदूरकराला साबुदाण्याबद्दल काही बोलायची सोय नाही. राजवाड्यापाशी, सराफ्यात वाफेवर गरम ठेवलेली खिचडी द्रोणात घालून वर फराळी मिक्स्चर, मसाला, लिंबू पिळून देतात, आणि ती खायला उपास असावा लागत नाही. रात्री बाराला पोटभर जेवून आलेली माणसं तिथे रांगेत दिसतात. शेजारच्या हिंदीभाषक काकूंना आमचा उपास बघून हसू येतं, कारण आम्ही साधं मीठ चालवतो. त्यांना सेंधा नमकच लागतं. उलट त्या उपासाला टोमॅटो खातात, आणि ते बघून आत्या डोळे मिटते.

मी आत्याला एकदा विचारलंच, "हे सगळे परदेशी चालतात आणि आपलं वांगं चालत नाही, हा कुठला न्याय?"

ती शेंगदाणे सोलत होती. म्हणाली, "अगं, पाहुण्याला कोण सोवळं विचारतं?"

मला वाटतं, तिने नेमकं सांगितलं. काय वर्ज्य, काय चालतं, याच्या याद्या झाल्या तेव्हा ही मंडळी इथे नव्हतीच. ज्याचं नाव यादीत नाही त्याला अडवणार कोण? वांगं पडलं जुनं ओळखीचं, त्याचे गुणदोष सगळ्यांना पाठ, म्हणून ते सापडलं. बटाटा मागून आला आणि थेट देवघरापर्यंत गेला.

आणि आमच्या माळव्यात तर त्याचे लाड विचारू नका. इथला बटाटा वेफर्सला चांगला, म्हणून त्याला दूरदूरहून मागणी. तो फार गार जागी ठेवला की त्यातल्या पिठुळाची साखर होते आणि तळताना वेफर्स काळपट पडतात, म्हणून वेफर्सच्या बटाट्याची शीतगृहातली थंडी बेताची ठेवतात. एवढी काळजी मी माहेरच्या माणसांची घेत नाही.

मार्गशीर्षात मात्र वांग्याचे दिवस फिरतात. खंडोबा होळकरांचंही कुळदैवत. राजवाड्यात मल्हारी मार्तंडाचं देऊळ आहे. चंपाषष्ठीला आमच्याकडे भरीत आणि बाजरीचा रोडगा यांचाच नैवेद्य. चार महिन्यांहून जास्त ज्याला उंबरा ओलांडू दिला नाही, ते थेट देवापुढे, तेही कांद्याची पात आणि लसूण यांच्यासकट! तळी उचलली जाते, भंडारा उधळतो, 'येळकोट येळकोट' होतं आणि आत्या स्वतः पहिला घास मोडते. इतक्या झटकन झालेलं पुनर्वसन राजकारणातही बघायला मिळत नाही.

त्यासाठीची वांगी आणायला आम्ही चोइथराम मंडीत जातो. खानदेश इथून फार लांब नाही, तिकडची हिरवी, पांढुरक्या रेघांची मोठी वांगी शोधावी लागतात. जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, ते उगाच नाही. आत्याचा नियम असा की हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने हलकं लागलं तरच पिशवीत टाकायचं, जड वांगं बियांचं. वांग्याच्या गरात हवेच्या असंख्य पोकळ्या असतात, म्हणून तर ते पाण्यावर तरंगतं आणि कढईत टाकलं की तेल पिऊन बसतं. भाजताना याच पोकळ्या कोसळतात आणि एवढं टुमटुमीत वांगं बघता बघता अंग टाकतं. खानदेशात ते काड्यांच्या आरावर भाजतात. आमच्याकडे गॅसच. आधी सुरीने दोन-चार टोचे मारायचे, नाहीतर फुटून छतापर्यंत जातं. तेल मात्र वरून लावायचं नाही, असं आत्या बजावते, आणि ती देवघरात गेली की माझी वहिनी हळूच लावते. साल पटकन सुटते म्हणे. शेगडी घासायची वेळ आली की दोघीही गायब होतात.