पुढच्या चाकांचा रोलर क्लच: तिसरी नोंद

मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं की वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा नेहमी जास्त फिरतात, म्हणून पुढे साधा वन-वे क्लच (चाक इंजिनकडून येणाऱ्या वेगापेक्षा जोरात फिरलं तर मोकळं सोडणारा, हळू झालं तर पकडणारा) चालेल. ते चुकलं. कारण सविस्तर सांगतो, म्हणजे बाहाच्या (कॉलेजच्या टीमनी बांधलेल्या ऑफ-रोड गाड्यांची स्पर्धा) गाडीला फोर व्हील ड्राइव्ह बसवणारी दुसरी एखादी टीम त्याच गणितावर गिअर कापायला देणार नाही.

आमच्या गाडीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) १.४ मीटर, ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं) १.२५ मीटर. मागे डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) नाही. २.५ मीटर त्रिज्येच्या वळणात पुढच्या अॅक्सलचा मध्य २.८७ मीटरवरून जातो, म्हणजे जवळपास १५ टक्के जास्त. मी एवढंच बघितलं होतं. पण आतलं पुढचं चाक २.३४ मीटरवरूनच जातं! मागच्या सरासरीपेक्षा ते ६.४ टक्के हळू फिरतं, क्लच त्याला पकडतो आणि स्टिअरिंग दगडासारखं जड होतं. मग वाटलं, सगळ्यात घट्ट वळण तपासलं की झालं. तसंही नाही. त्रिज्या बदलत गेलो तर सर्वांत वाईट आकडा ३.७६ मीटरला आला: ८.७ टक्के. म्हणून आता पुढची रिंग (क्लचचं बाहेरचं, इंजिनकडून फिरणारं कडं) मागच्या चाकांपेक्षा १० टक्के हळू फिरेल असं प्रमाण ठेवलंय. मागची चाकं तेवढी घसरली की पुढची आपोआप ओढायला लागतील. मोकळ्या मातीत एवढी घसर होतेच, ट्रॅक्टरवाल्यांना विचारा.

रिव्हर्सचा घोळ वेगळाच होता. वन-वे क्लच उलट दिशेत नेमका उलटा वागतो: वळताना अडकतो आणि मागची चाकं घसरली की मोकळा सुटतो. त्यामुळे पोलारिसच्या एटीव्हीमध्ये असतो तसा दोन्ही दिशांचा क्लच करतोय. रिंगच्या आतून रॅम्प (उतार), मध्ये केजमध्ये (रोलर जागेवर धरणाऱ्या पिंजऱ्यात) रोलर, आत दोन गुळगुळीत हब, प्रत्येक पुढच्या चाकाला एक. १२ व्होल्टची कॉइल केजला मागे खेचून धरते, रोलर रॅम्पवर चढून हब आवळतात. गाडी पुढे जावो की मागे, केज मागेच राहतं, हे मला फार आवडलं. प्रत्येक हबला स्वतःचे ८ रोलर असल्याने पुढे डिफरन्शियलही लागत नाही.

रॅम्पचा एकूण कोन ७ अंश. तेलातल्या स्टीलचं घर्षण ०.०८ धरलं तर ९ अंशांच्या पुढे रोलर निसटतो, म्हणून थोडी जागा राखली. एक चाक हवेत असताना पुढचे ११० किलो एकाच हबवर येतात. त्याचा टॉर्क २३३ न्यूटन-मीटर, आणि ३० मिलिमीटर त्रिज्येच्या हबवर प्रत्येक रोलरमागे दाब जवळजवळ १६ किलोन्यूटन. उडीतून आपटण्यासाठी दुप्पट धरला, तर ८ मिलिमीटर व्यासाच्या, १६ मिलिमीटर लांबीच्या रोलरखाली ४५०० मेगापास्कलच्या वर ताण येत होता. रोलर बेअरिंगचं स्टॅटिक रेटिंग (न फिरता सोसायचा भार) ४००० मेगापास्कलवर काढतात. २४ मिलिमीटर लांबीचे रोलर घेतल्यावर तो ३७०० च्या आसपास आला. हब ईएन ३५३ स्टीलचा, केस हार्डनिंग (फक्त वरचा थर कडक) करून.

प्लास्टिकच्या थ्रीडी प्रिंटवर केज दोन्ही दिशांना फिरून बघितलं, रोलर बरोबर चढतात. पण कॉइल बंद केल्यावर आठातले दोन मध्यावर परत आले नाहीत. केजला मध्यावर परत आणणारी स्प्रिंग बहुतेक कमजोर आहे. या आठवड्यात ०.८ ऐवजी १ मिलिमीटर तारेची वळवून घेतोय. ती चालली तरच रिंग वायरकटला (विजेच्या तारेने धातू कापायला) जाईल. कुणी केजची स्प्रिंग बसवली असेल तर तारेचा व्यास आणि किती वेटोळी ठेवली ते जरूर सांगा.