नव्या एसयूव्हीतून घाटवाटेने: गिअरबॉक्स का तापला आणि वर्कशॉपमध्ये काय कामी आलं

गाडी नवी कोरी. डिझेल, सात सीटची, ड्युअल क्लच ऑटोमॅटिक (दोन क्लच आळीपाळीने वापरून गिअर आपोआप बदलणारी). पहिली सर्व्हिस नुकतीच झालेली. घरची सगळी मंडळी, डिकी भरून सामान आणि डोंगरापलीकडच्या पठारावर जायचा बेत. आधी हायवे, मग लांबलचक घाट. याच मॉडेलच्या किंवा अशाच गिअरबॉक्सच्या गाडीने कुणी असा प्रवास करणार असेल, तर त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे.

हायवेवर पहिली गोष्ट जाणवली ती स्टीअरिंगची. हात जरा सैल सोडला की गाडी डावीकडे ओढायची. रस्त्याला कडेकडे उतार असला तरी असं होतं, म्हणून सपाट पट्टा बघून पुन्हा पाहिलं. ओढ तशीच. पुढच्या मुक्कामी सकाळी टायर थंड असताना हवा तपासली, तर चारही टायरमध्ये दारावरच्या स्टिकरपेक्षा बरीच जास्त. कारखान्यातून गाड्या येतात तेव्हा टायर मुद्दाम कडक फुगवलेले असतात. डिलिव्हरीआधी ती हवा कमी करायची असते. आमच्या गाडीत ते कुणी केलेलंच नव्हतं, पहिल्या सर्व्हिसलाही नाही. हवा नीट केल्यावर गाडीचे हादरे कमी झाले, पण ओढ गेली नाही.

खरा त्रास घाटात झाला. पुढे ट्रकांची रांग, गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या. अशा चढावर ड्युअल क्लचचं काय होतं ते समजून घ्या. यात टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्समधला तेलावर चालणारा जोड, नसतो. अगदी हळू सरकताना क्लच पूर्ण बसत नाही, अर्धवट घासत राहतो आणि त्या घर्षणाने तापतो. ब्रेक सोडून नुसत्या ॲक्सिलरेटरवर गाडी चढावर तोलून धरली, तर अजूनच तापतो. म्हणून पुढे एक-दोन गाड्यांची जागा होऊ द्यायची, तोवर ब्रेकवर थांबायचं आणि मग एका दमात पुढे जायचं. आम्ही नेमकं तेच करत होतो. तरीही आधी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी थरथरायला लागली, मग जळकट वास आला आणि स्क्रीनवर नारिंगी अक्षरांत ट्रान्समिशन गरम झाल्याची सूचना. गाडी कडेला घेतली, मॅन्युअलमध्ये लिहिल्याप्रमाणे ‘पी’मध्ये टाकून इंजिन चालू ठेवलं आणि सूचना जाईपर्यंत थांबलो. मागे आई बसली होती, तिला घाम फुटला होता. नव्या गाडीत दर वळणाला कान गिअरबॉक्सकडे लावून बसायचं, हे कुणाच्याही वाट्याला येऊ नये.

महत्त्वाचं घडलं ते यानंतर. ट्रक पुढे निघून गेले, रस्ता मोकळा झाला, गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये छान चढत होती. क्लच घासायचं काही कारणच नव्हतं. तरी थोड्याच वळणांनंतर तीच सूचना पुन्हा आली. रांगेत तापणं हा या गिअरबॉक्सचा स्वभाव म्हणता येईल, मोकळ्या चढावर तापणं हा दोषच. शेजारी बसलेल्या माणसाला स्क्रीनचा फोटो काढायला सांगा. त्यात सूचना, ओडोमीटर आणि बाहेरचं तापमान तिन्ही आलं पाहिजे. थरथरीचा व्हिडिओ आवाजासकट घ्या. चालवणाऱ्याने फोनला हात लावायचा नाही.

टो करायची वेळ आली, तर फ्लॅटबेडच (गाडी पूर्ण वर चढवून नेणारा ट्रक) मागवा. ऑटोमॅटिक किंवा फोर व्हील ड्राइव्ह गाडी चाकं जमिनीवर ठेवून ओढली, तर चांगला गिअरबॉक्सही खराब होऊ शकतो. घाटात मध्येच रेंज जाते, त्यामुळे मदतीचा नंबर आणि विम्याचे कागद फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा.

पठारावर डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा दिवा लागला. त्याला मी दोष म्हणणार नाही. हळू चालवल्याने काजळी साठते. ती जाळायला फिल्टरचं तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत जावं लागतं. मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने चालवलं की दिवा जातो, आमचा गेला. त्या वेळी वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका. दिवा चमकायला लागला किंवा डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली, तर मात्र थेट वर्कशॉप गाठा. डिझेल ऑइलमध्ये मिसळत असू शकतं.

परतल्यावर सर्व्हिस सेंटरमध्ये पहिलं उत्तर मिळालं: “या मॉडेलमध्ये एवढं होतंच.” मग त्यांनी टेस्ट ड्राइव्ह घेतली. गाडी थंड, रिकामी आणि रस्ता सपाट. अर्थातच काही सापडलं नाही. जॉब कार्डवर, म्हणजे वर्कशॉपच्या कामाच्या नोंदीवर, लिहिलं, ‘गिअरबॉक्स तपासणे’. अशा जॉब कार्डवर सही करू नका. मी सही न करता तक्रार माझ्या शब्दांत लिहायला लावली: पूर्ण भार, मोकळा चढ, दुसरा-तिसरा गिअर, गरम झाल्याची सूचना, फोटो जोडला आहे. टेस्ट ड्राइव्ह पुन्हा, भार ठेवून, चढावर आणि मी सोबत बसून, असा आग्रह धरला. थरथर तेव्हा फोरमनलाही जाणवली.

अजून एक गोष्ट फार कामाची. फॉल्ट कोड (बिघाडाचा संकेतांक) नोंदला जातो त्या क्षणाचा वेग, इंजिनचे फेरे, तापमान वगैरे कंट्रोल युनिटमध्ये साठवलेलं असतं, त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. कोड पुसला की ती नोंदही जाते. म्हणून सॉफ्टवेअर अपडेट करण्याआधी स्कॅनचा प्रिंट मागून घ्या. १७ अक्षर-अंकांचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) देऊन रिकॉल किंवा सर्व्हिस कॅम्पेन (कंपनीने ठराविक गाड्यांसाठी काढलेली दुरुस्ती) बाकी आहे का, हेही विचारा. काही दुरुस्त्या रिकॉल न काढता फक्त वर्कशॉपला कळवलेल्या असतात आणि मालकाने विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

आमच्याकडे आधी सॉफ्टवेअर अपडेट झालं, थरथर तशीच राहिली. प्रत्येक वेळी नवीन जॉब कार्डवर ‘तीच तक्रार पुन्हा’ असं लिहायला लावलं. शेवटी वॉरंटीत क्लच पॅक बदलला, त्याचं ॲडाप्टेशन (कंट्रोल युनिट नव्या क्लचशी जुळवणं) करून दिलं आणि त्यानंतर भरल्या गाडीने त्याच घाटात सूचना आली नाही. स्टीअरिंगसाठी पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलून पाहिले, तर गाडी उजवीकडे ओढू लागली. म्हणजे अलाइनमेंट (चाकांचे कोन) नव्हे, टायरच सदोष. टायरची वॉरंटी बहुधा गाडीच्या वॉरंटीत येत नाही, टायर कंपनी ती वेगळी देते. तो दावा आता टाकला आहे, सोबत टायर बदलण्याआधीचा आणि नंतरचा व्हिडिओ जोडून.