तुळशीखालची ताटली

बडोद्यातल्या आमच्या जुन्या घरात दिवेलागणीचा एक नियम आहे: मागचे दार लावून घ्यायचे आणि पुढचे उघडे ठेवायचे, कारण त्या वेळी लक्ष्मी घरात येते. लहानपणी हा नियम मी निमूटपणे पाळत असे. पुढे लक्षात आले, की लक्ष्मीसाठी उघड्या ठेवलेल्या त्याच दारातून, त्याच मुहूर्तावर, डासही आत येतात. आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब आणि घामाचा वास यांचा माग काढत डासाची मादी येते, कारण अंडी घालण्यासाठी रक्ताची गरज तिलाच असते. नर बिचारा फुलांच्या रसावर दिवस काढतो. हे मी आजीला मोठ्या ऐटीत सांगितले, तेव्हा वाती वळता वळता ती म्हणाली, "म्हणजे जिला संसार आहे तीच चावते तर!"

आजीचा उपाय धुराचा होता. घमेल्यात गोवरीचा निखारा, त्यावर कडुलिंबाचा वाळका पाला आणि चिमूटभर ऊद. शेजारच्या गुजराती बा आपल्या ओट्यावरून "लीमडानो धुमाडो करो" असे सांगत आणि पाहता पाहता सारी गल्ली धुरकट होई. त्या वासाची ओढ मला आजही आहे, परंतु त्या धुराची बाजू घेणे मला जमत नाही. धूर असेपर्यंत डास दूर राहत आणि धूर विरला की परतत; शिवाय दम्याचा त्रास असलेले आमचे काका तेवढा वेळ बाहेर ओट्यावर जाऊन बसत आणि घरातून निघालेले डास तिथे त्यांचा समाचार घेत. बाजारातल्या गोल कॉईलचा उगमही एका फुलातच आहे. शेवंतीच्या नात्यातल्या एका पांढऱ्या फुलाची पूड, म्हणजे पायरेथ्रम, तिच्यात वापरत असत. आता बहुधा त्याच जातीची कारखान्यात बनवलेली रसायने असतात. पण फुलाचा असो, पाल्याचा असो, बंद खोलीतला धूर छातीला धूरच असतो.

अंगाला लावायच्या तेलांचेही असेच आहे. खोबरेल तेलात थोडे कडुलिंबाचे तेल मिसळून लावले की डास काही काळ अंगावर बसायला कचरतो, माणसेही कचरतात. गवती चहाच्या भाऊबंदांपैकी असलेल्या सिट्रोनेलाचा वास सुखद असतो, पण तो लवकर उडून जातो आणि तासा-दोन तासांनी पुन्हा बाटली शोधावी लागते. रात्रभराच्या झोपेसाठी मच्छरदाणीसारखे दुसरे काही मला अजून सापडलेले नाही. तिची टोके गादीखाली नीट खोचायचा आळस मात्र करू नये.

माझी खरी फजिती झाली ती २०२४ साली. त्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचा पूर शहरात शिरला, लोकांच्या अंगणात मगरी निघाल्या, आणि पाणी ओसरल्यावर जो तो डासांचे खापर त्या पुरावर फोडू लागला. मीही फोडत होतो. एका सकाळी तुळशीला पाणी घालताना कुंडीखालच्या प्लॅस्टिकच्या ताटलीकडे लक्ष गेले. बोटभर पाणी साचले होते आणि त्यात केसांच्या तुकड्यांसारखे काहीतरी उलटे लोंबकळत होते: शेपटाचे टोक पाण्याच्या पृष्ठभागाला टेकलेले, डोके खाली. सावली पडताच ते सगळे वळवळत तळाशी गेले आणि थोड्या वेळाने श्वास घ्यायला एकेक करून वर आले. ज्या तुळशीच्या वासाने डास पळतात असे मी चार लोकांना सांगत आलो होतो, तिच्याच पायाशी मी त्यांचे पाळणाघर चालवत होतो. डेंग्यू पसरवणारा, पायांवर पांढरे पट्टे असलेला आणि दिवसाढवळ्या चावणारा एडिस डास घरातल्या अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. उबदार हवेत अंड्यापासून उडत्या डासापर्यंत त्याला साधारण ७ ते १० दिवस पुरतात. नुसते पाणी ओतून भागत नाही, कारण भांड्याच्या कडेला चिकटलेली त्याची अंडी कोरडी पडूनही कित्येक महिने तग धरतात. ताटली काथ्याने घासावी लागते. त्याच दिवशी कूलरची टाकी, मनी प्लांटची बाटली आणि फ्रिजच्या मागचा ट्रे एवढे सगळे घासून काढले. तेव्हापासून रविवारचा माझा पहिला चहा त्यानंतरच होतो.

तरीही डास चावतातच. चावताना मादी आपली लाळ त्वचेत सोडते, त्या लाळेवर आपले शरीर हिस्टामिनने उत्तर देते आणि गांध उठून खाज सुटते. आम्ही मुले त्या गांधीवर नखाने फुली मारत असू आणि तेवढ्याने डास मेला असे मानत असू. आजी कपाटाची जड लोखंडी किल्ली माठाच्या पाण्यात बुडवून तिथे दाबून धरी. गांधीलमाशी चावली तरी लोखंड घासावे, हे तिचे ठाम मत होते. लोखंडात औषध नसावे, थंडाव्यात आहे, कारण गारव्याने सूज आणि खाज दोन्ही उतरतात. आणि किल्ली हातात असेपर्यंत खाजवताही येत नाही, हा फायदा वेगळाच. कोरफडीच्या ताज्या गराने गार वाटते. चुना मात्र मी कोणाला लावू देत नाही, तो कातडी भाजतो. आणि लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास फोड येऊ शकतात.

मधमाशीची तऱ्हा निराळी. ती आपला काटेरी डंख त्वचेत सोडून जाते आणि त्याची विषाची पिशवी नंतरही आत विष ढकलत राहते, म्हणून हळद-चंदन उगाळत बसण्याआधी नखाने खरडून तो ताबडतोब काढावा. ओठ सुजले, श्वास लागला, अंगभर गांधी उठल्या, तर किल्लीही नको आणि कोरफडही नको. रिक्षा करून थेट दवाखाना गाठावा.

गेल्या वर्षी पुढच्या दाराला जाळीचे दार बसवून घेतले. आई दोन दिवस नाराज होती. आता ती दिवा लावते, जाळीचे दार उघडून उंबऱ्यापाशी हात जोडते, आत येणाऱ्याला पुरेल एवढा वेळ मनात मोजते आणि दार चटकन ओढून घेते.